पाठीवरचा मजकूर

फौजेतून निवृत्त झालेला माणूस गावात सापडला की शाळेला प्रमुख पाहुणा फुकटात मिळतो. वाईत माझ्या मुलीच्या शाळेनं दहावीच्या निरोप समारंभाला मला असंच धरून नेलं. पोरं उन्हानं कंटाळलेली आणि मी रंगात आलेलो. "मैत्रीबित्रीला पुढं अख्खा जन्म पडलाय. आधी स्वतःच्या पायावर उभे राहा!" असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. माझी मुलगी तिसऱ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत होती की नाही, ते काही मी पाहिलं नाही.

शेवटचा पेपर देऊन ती घरी आली, तेव्हा गणवेशाचा पांढरा कुर्ता पेनांनी, स्केचपेनांनी भरून गेलेला. सगळ्यांनी एकमेकांच्या कपड्यांवर लिहायचं, अशी आता पद्धत आहे म्हणे. माझं डोकंच फिरलं. चांगला धडधाकट कुर्ता, धाकट्या भावाच्या मुलीला जूनमध्ये झाला असता! दुसऱ्या दिवशी मुलगी उशिरापर्यंत झोपलेली, तर मी बादलीत गरम पाणी आणि साबणाचा चुरा घेऊन बसलो. कपडे धुणं मला पलटणीनं शिकवलंय, त्यात मी कुणाला हार जाणार नाही.

पण भिजवायच्या आधी वाचायचा मोह झाला. पुढच्या बाजूला सगळा आनंदीआनंद: ‘भेटत राहू’, ‘लय मिस करणार’, एका बदकाचं चित्र. कुर्ता उलटा केला. पाठीवर, खांद्याच्या खाली, बारीक निळ्या अक्षरांत वेगळंच होतं.

‘तुझी प्रयोगवही माझ्याकडून भिजली, चूक माझीच. दिवाळीपासून तू बोलत नाहीस. तुझे पप्पा म्हणाले मैत्रीला पुढं अख्खा जन्म पडलाय, म्हणून तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही. उद्या अकराच्या गाडीनं सांगलीला मामाकडे चाललेय. आता तिकडंच शिकणार.’

खाली नाव नाही. कोण असेल ही? घरात येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींचे चेहरे आठवायला लागलो, तर एकही नीट आठवेना. मुलीचं दिवाळीपासून कुणाशी तरी बोलणं बंद आहे, हेही मला आज, साबण कालवताना कळत होतं. घड्याळात साडेदहा झाले होते.

मी तिला हलवून उठवलं आणि कुर्ता समोर धरला. वाचता वाचता ती ताडकन उठून बसली.

"पप्पा, गाडी काढा."

"आगं, पण कोण हाय ती?"

"काढा की!"

स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. खिडकीत एक सडपातळ मुलगी, मांडीवर पिशवी. माझी मुलगी खिडकीखाली जाऊन उभी राहिली आणि चपलेनं जमीन उकरत राहिली. ती मुलगीही पिशवीकडंच बघत होती. माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती, दोघींनाही पुरली असती, कशीबशी गिळली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. गेली आता, असं वाटलं, तोच माझी मुलगी गाडीच्या दाराकडं धावली.

"पप्पा, साताऱ्यापर्यंत जाऊन येते!"

तिनं विचारलं नाही, सांगितलं. केससुद्धा विंचरलेले नव्हते. मी खिशातल्या दोन नोटा खिडकीतून आत दिल्या, त्या खिडकीतल्या मुलीनं घेतल्या.

दुपारभर मला चैन पडेना. आधी कोण बोललं असेल? भांडल्या असतील, की रडल्या असतील? की साताऱ्यापर्यंत नुसत्याच शेजारी बसून राहिल्या असतील? चारला ती आली. डोळे सुजलेले, चेहरा मोकळा. एरवी मी आधी उशीर झाल्याबद्दल ऐकवलं असतं.

"काय म्हणाली गं ती?" मी विचारलं.

चप्पल काढता काढता ती थांबली.

"तुम्हाला खरंच ऐकायचंय?"

"व्हय," मी म्हणालो. सोळा वर्षांच्या माझ्या पोरीला ही खात्री करून घ्यावी लागली, याची मला मनापासून लाज वाटली.