मालतीकाकूंचा खडक

खडक गायब होता. नकाशा दुपारी चारला छपाईला जायचा होता, आणि मी मूळ सर्व्हेच्या कागदाशी एकेक आकडा ताडून बघत होते. अंटार्क्टिकातल्या दोन बेटांमधली ही चिंचोळी सामुद्रधुनी. तिच्या मधोमध पाण्याखाली एक खडक आहे. जुन्या कागदावर त्याची छोटी फुली होती, आमच्या नकाशावर नव्हती. तिथे ठळक अक्षरांत नाव होतं: मालती लिमये चॅनल.

चूक माझीच. नाव स्वच्छ दिसावं म्हणून अक्षरांखालची बारीक चिन्हं लपवणारी सेटिंग मी ऑन केली होती. शहराच्या नकाशात ती खपते. इथे याच नकाशावर विसंबून रिसर्च स्टेशनच्या रबरी बोटी जाणार होत्या.

माझा बॉस समीर पुण्याचा. तो म्हणाला, "लिमयेकाकांनी प्रूफ अप्रूव्ह केलंय यार. नाव बाहेर काढलं तर कोसळतील ते. फॉन्ट लहान कर."

"केला. मुंगीएवढी अक्षरं केली तरी फुली झाकली जातेय. प्रिंट थांबव."

"आणि काकांना कोण सांगणार?"

"मी."

लिमयेकाका आमच्याच गावातले, इथल्या कॉलेजचे रिटायर्ड प्रोफेसर. त्यांची बायको मालतीकाकू गेल्यावर सामुद्रधुनीला तिचं नाव मिळावं म्हणून त्यांनी नावं ठरवणाऱ्या कमिटीला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती. नाव पाण्यातच, मधोमध हवं, हा हट्टही त्यांचाच. दोन्ही कागद घेऊन मी कॅम्पसच्या बसने त्यांच्या घरी निघाले. परत फिरायचं नाही, हे नक्की होतं.

काकांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. मी फुली दाखवली, चूक सांगितली.

"हे अक्षर कोणाचं, माहितीये?" जुन्या आकड्यांवरून हात फिरवत ते म्हणाले. "मालतीचं. बोटीतून दोरी सोडून खोली मोजायची ती. हा खडक तिनेच शोधला. सोललेल्या हातांना मलम लावत म्हणाली, आता इथे कुणी आपटणार नाही."

मी फुलीजवळचे आकडे पुन्हा वाचले.

"काढ नाव तिथून, आत्ताच्या आत्ता," काका म्हणाले. "ती असती तर आपल्या दोघांना फाडून खाल्लं असतं."

तिथूनच समीरला फोन केला. नाव बेटांबाहेर मोकळ्या समुद्रात गेलं. तिथून चॅनलपर्यंत एक बारीक रेघ ओढली. छपाई एक दिवस उशिरा झाली, फुलीसकट.

ती सेटिंग मी पुन्हा कधी वापरली नाही. नाव सरकवता येतं, खडक नाही.