तिची हजेरी तिनंच द्यायची

एका सरकारी शाळेच्या नळामागे, चौथीतल्या एका मुलीच्या जिभेवर मी अक्कलकाऱ्याच्या मुळीची पूड चोळली होती. चिमूट पुरे असताना अर्धा चमचा. हे आधीच सांगून टाकते, कारण विषय निघाला की माझी जाऊ तो माझ्याआधी सांगते आणि अर्ध्या चमच्याची वाटी करते.

तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. ज्या मुलांना बोलायला त्रास होतो त्यांच्यासाठी दुर्गहून एक मॅडम महिन्यातून एकदा भिलाईच्या सरकारी शाळांमध्ये यायच्या. मूल तपासून काय करायचं ते त्या ठरवायच्या आणि मधल्या दिवसांत ते करून घ्यायला मी, त्यांची सहायक. प्रशिक्षण झालं होतं, अगदी बेताचं. सिविक सेंटरच्या बाजारातून एक भलीमोठी पर्स घेतली होती. तिच्यात आरसा, फुंकायच्या नळ्या, चित्रांचे पत्ते. ती अडकवून स्कूटीवर बसले की वाटायचं, आता या गावात एक पोर अडखळायचं राहणार नाही.

अडचण एवढीच की स्कूटीवरच्या त्या बाईला, म्हणजे मला, थांबता येत नसे. गॅसवर दूध ठेवलं की ती दुधालाही घाई करायची. आमचे हे स्टील प्लांटमधल्या ड्यूटीवरून आले आणि "आज ना फर्नेसवर" एवढं म्हणाले, की पुढचं मी सांगून मोकळी. बहुतेक वेळा चुकीचं. पुढेपुढे त्यांनी वाक्य सुरू करणंच सोडलं, आणि मी मैत्रिणींना सांगायची की आमच्यात कधी वाद होत नाहीत.

अशा बाईला मॅडमनी काम दिलं, ते नेमकं थांबायचं.

मुलगी जुनवानीच्या शाळेतली. आईबाप भंडाऱ्याकडचे, बाप प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली. घरी मराठी, त्यामुळे शाळेत हिंदी बोलणारी ती माझ्याशी मराठी बोलायची, मावशी म्हणायची. सगळ्यांबरोबर कविता म्हणताना तिचा आवाज खणखणीत. एकटीनं बोलायचं झालं की पहिलं अक्षर घशात दार लावून बसायचं. सगळ्यात वाईट हजेरीला. वर्गात मुलं पुष्कळ, गुरुजी नावं धडाधड घेणार. हिचं "उपस्थित" अजून "उ"वर असताना गुरुजी दोन नावं पुढे गेलेले. मग शेजारची मैत्रीण हिच्या वतीनं ओरडून द्यायची. मैत्रीण आली नाही की ही समोर बसलेली असूनही गैरहाजर. गुरुजींनी तोडगा काढला होता, हात वर कर, चालेल. तिला ते चालत नव्हतं. पहिल्याच भेटीत, बराच वेळ घेऊन, तिनं मला सांगितलं की आपली हजेरी आपण द्यायची, बाकी काही शिकवलं नाही तरी हरकत नाही.

मॅडमचं म्हणणं असं की हिला समोर बसवून ती सांगेल ते ऐकायचं. शब्द पुरवायचा नाही. "हळू बोल, श्वास घे" असलं काही म्हणायचं नाही. नजर हटवायची नाही. तिचं होईपर्यंत थांबायचं.

मी विचारलं, "बस, एवढंच?"

"करून बघा," त्या म्हणाल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या.

केलं. व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून बसलो. ती घरच्या बकरीची गोष्ट सांगू लागली. बकरी दाराशी आली आणि तिथंच अडकली. माझा अंगठा चपलेत वळवळायला लागला. बांगड्या पुढे, बांगड्या मागे. बकरीनं भाकर खाल्ली हे मला कधीचं कळलं होतं. मुलगीच तिथवर पोहोचायची होती. तेवढ्यात बडे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, जाता जाता हिंदीत विचारून गेले, शिकवणं चाललंय की विश्रांती. झालं. ते मला असं झोंबलं की मी दिवसभर तेच चघळत राहिले. त्यात मॅडमनी कळवलं, पुढच्या फेरीला वर्गात मागे बसून हजेरी ऐकणार. मला वाटलं, परीक्षा माझी आहे.

म्हणून मी दुर्गच्या जुन्या बाजारात, जडीबुटीवाल्याकडे. अक्कलकारा. जिभेला चोळलं की जीभ सुटते, असं माझी आई म्हणायची. दुकानदार पुडी बांधता बांधता काही सांगायला लागला. मी म्हटलं, हां हां, मालूम है, आणि पैसे ठेवून निघाले. काय मालूम होतं, देव जाणे.

मॅडम यायच्या त्या सकाळी मुलीला नळामागे नेलं. औषध आहे म्हटलं. तिनं एक प्रश्न न विचारता जीभ बाहेर काढली. ती जीभ आजही डोळ्यांपुढून जात नाही. आधी तिचे डोळे मोठे झाले. मग मुंग्या, मग जीभ बधिर, आणि लाळेची नुसती धार. घंटा झाली. तिचं नाव आलं. तिनं तोंड उघडलं आणि लाळ थेट फ्रॉकवर. वर्ग हसला. मैत्रिणीनं घाईघाईनं "उपस्थित" म्हणून टाकलं.

बाहेर मॅडमनी विचारलं, तोंडात काय दिलं. मी माझ्या आईपासून सुरुवात करून दुकानदारापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शेवटी म्हणाल्या, आजच तिच्या घरी जाऊन आईला स्वतः सांगा.

गेले. आई भांडी घासत होती, तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, अक्कलकारा करून झाला, शंखातलं पाणी करून झालं, गोटे तोंडात धरून झाले. "आमाले वाटलं, शाळेतल्या बाई काही येगळं करतीन," एवढं बोलून तिनं मला चहा विचारला.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी समोरच्या खुर्चीत बसायची, हाताची घडी घालून, मुकाट. मीही बसायची. पर्समधलं सगळं काढून पुन्हा भरून झालं. बडे गुरुजी जाता-येता बघायचे. उठावं, पळावं, काहीतरी गडबड करावी असं वाटायचं. खुर्चीच्या कडा धरून ठेवायची. असे किती दिवस गेले, आठवत नाही. एका दुपारी तिनं तोंड उघडलं. "क-क-क..." मला कळलं काय येणार ते. उत्तरसुद्धा ओठांवर आलं. गिळलं.

"कावून केलं?"

"मले घाई झाली होती," मी म्हटलं.

तिनं विचार केला. "घाई तुमाले," ती म्हणाली, "आन् ल-लाळ माही."

त्यानंतर बकरी पुढे सरकली. भाकर खाल्लीच नव्हती तिनं, बापाची चप्पल खाल्ली होती.

मॅडमनी गुरुजींना विनंती केली की हिच्या नावापाशी जरा थांबा. गुरुजी कुरकुरले, इतकी मुलं, किती थांबायचं. मग म्हणाले, बरं, तेवढ्यात चष्मा पुसून घेत जाईन. आणि एका सकाळी मी वर्गाच्या दारात उभी, हजेरी तिच्या नावापर्यंत आलेली. गुरुजी चष्मा पुसायला लागले. मैत्रिणीनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. "उ." मग काही नाही. पंखा खडखडतोय. मागे कुणीतरी खुदकन हसलं. पुन्हा "उ". गुरुजींचा चष्मा आरशासारखा झाला तरी ते पुसताहेत. मग ते आलं, तुटक, पण तिचं. "उपस्थित." आणि थोड्या वेळानं, "गु-गुरुजी." त्यांनी चष्मा लावला, खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

सुट्टीत ती धावत माझ्याकडे आली. मी तिला जवळ घ्यायला हात पसरले. ती हातभर अलीकडेच थांबली, आणि मी थांबले, तिचं होईपर्यंत.

"मावशी, त-त-तुमचं तोंड हालून राह्यलं होतं. मी पाह्यलं. उद्यापासून तुमी ब-बाहेर उभ्या राहा."