संकष्टीला पोळी-भाजी

सुमेधाबाई कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्या, तरी मुली अडलेले प्रोग्राम घेऊन त्यांच्या डोंबिवलीच्या घरी यायच्याच. बाईंनाही ते हवं असायचं. एकट्या राहायच्या; बेल वाजली की आधी चष्मा शोधायच्या, मग दार उघडायच्या.

त्या संकष्टीला दुपारी रसिका आली ती रडवेली होऊन. तिची आई लक्ष्मी शहाडला घरून डबे द्यायची. कोणाच्या डब्यात काय भरायचं, ते रोज चिठ्ठीवर छापून देणारा प्रोग्राम रसिकाने हौसेने लिहिला होता. आज त्याने उपवासवाल्यांनाही पोळी-भाजी लावली.

"फोनवर फोन येतायत, बाई. आई मला काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलंय."

बाईंनी तिच्या हातावर लाडू ठेवला आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला. 'डबा' हा मूळ क्लास, म्हणजे साचा. त्यातली 'भर' नावाची मेथड, म्हणजे कृती, तारीख घेऊन पोळी-भाजी सांगायची. त्याचा वारसा घेणारा 'उपवासाचा डबा'; त्यातही 'भर' होती, खिचडी सांगणारी. चूक बाईंना लगेच दिसली, पण ती रसिकालाच सापडू द्यायची होती.

"या खिचडीच्या मेथडवर ओव्हरराइड असं लिही बघू, म्हणजे मूळ मेथडच्या जागी ही चालवायची."

रसिकाने लिहिलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: मूळ क्लासमध्ये अशी मेथडच नाही.

"असं कसं? नाव तर तेच आहे!"

"नाव तेच गं. कंसात बघ. मूळ 'डबा' ही आई, 'उपवासाचा डबा' ही लेक. आई तारीख घेते, लेक तिथी मागते."

"उपवास तिथीवर असतो ना, म्हणून मी..."

"म्हणूनच तर! त्यामुळे तुझी मेथड आईच्या जागी आलीच नाही, तिच्या शेजारी उभी राहिली. हे झालं ओव्हरलोडिंग: नाव एक, कंसातलं मागणं वेगळं. तुझा प्रोग्राम सगळ्या डब्यांना तारीखच देतो, मग तारीख घेणारीच चालते. खिचडीला कोणी हाकच मारली नाही."

रसिका रडता रडता हसली. तिने कंसात तारीख घातली, तिथी आतल्या आत काढली. आता स्क्रीनवर खिचडी आली. तिने लगेच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"चूक तिने स्वतः दुरुस्त केली हं, लक्ष्मीताई," बाई म्हणाल्या.

"चूक माझीपण आहे, बाई," लक्ष्मी म्हणाली. "रात्री साबुदाणा मीच भिजत घातलेला. सकाळी चिठ्ठीवर पोळी-भाजी छापून आली, तर साबुदाणा झाकून ठेवला नि पोळ्या लाटत बसले! पोरीने केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं." मग पुढे, "आता खिचडी करायला घेते. सगळ्यांच्या घरी पोचवते. रसिकाला लवकर पाठवा."

रसिकाने लॅपटॉप बंद केला. बाईंनी चपला पायात सरकवल्या.

"बाई, तुम्ही कुठे?"

"डबे भरायला. प्रोग्राम मी तपासलाय, आता खिचडी तपासते."

संध्याकाळी शहाडच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात कुटाच्या प्रमाणावरून बाईंचं आणि लक्ष्मीचं चांगलंच वाजलं. कोणीच हटेना. रसिका दोघींच्या मधे उभी राहून डब्यांची झाकणं लावत होती.