बोया नसलेलं जाळं

नाखवा बरे झाले, असं त्यांना मीच सांगून टाकलं. मी डॉक्टर नव्हतो. ठाण्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचो, एवढंच.

कोपरीच्या या नाखव्यांना हिपॅटायटिस बी जुनाच होता. दर तीन महिन्यांनी येत. सुई टोचताना लोक तोंड फिरवतात. हे मात्र नळीतलं रक्त उजेडात धरून, मासळी पारखावी तसं बघत. "ताजं हाय रं," म्हणत. जन्मात दारूला शिवले नव्हते, पण लिव्हर म्हटल्यावर सगळा कोळीवाडा त्यांना दारू सोडायला सांगे. "आता चालूच करतो," म्हणायचे, "फुकट बदनामी कशाला?"

नव्वद सालानंतरची गोष्ट. रिपोर्टात ‘ई अँटिजेन’ निगेटिव्ह आलं. ते गेलं म्हणजे विषाणू थंडावला, असं मी कुठंतरी ऐकलेलं. खालच्याच ओळीत लिव्हरचे आकडे चढलेले होते. तिथवर माझी नजर पोचलीच नाही. शहाणपण आधी पोचलं. "सुटलात, नाखवा! आता कशाला येताय?" दुसऱ्या दिवशी ते चार पापलेटं घेऊन आले. मी खाल्लीसुद्धा.

दीड वर्षानं आले ते पिवळे डोळे आणि फुगलेलं पोट घेऊन. आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी जुना रिपोर्ट माझ्यासमोर धरला. "काही विषाणू बिघडलेले असतात. हे ‘ई’ बनवणं त्यांना जमत नाही, वाढणं मात्र जमतं. या चाचणीत दिसत नाहीत आणि लिव्हर खात राहतात."

नाखवाच मला समजावायला लागले. "अरं, खाडीत तुटून राहिलेलं जाळं असतं ना, तसं हाय. वर तरंगता बोया नाय, म्हणून कोणाला दिसत नाय. पण मासं धरतंच."

"मला शिव्या तरी द्या, नाखवा."

"दम कुठं हाय?"

वेळेवर आले असते तर काही करता आलं असतं का, हे बाईंना विचारायचं धाडस मला झालं नाही. नंतरही कधी झालं नाही.

होळीनंतर ते गेले. महिन्याभरानं त्यांची बायको दोन्ही मुलांना तोच आजार नाही ना, हे तपासायला घेऊन आली. मी रक्त घेतलं, नळ्यांवर नावं लिहिली आणि जित्याची खोड, बोलून गेलो, "काळजी करू नका मावशी, काही निघायचं नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं.

"तू रगत काढ. बोलायचं काम बाईंना करू दे."