ठिपके मोजणारे व्याही

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात कोणा माणसाचा चेहरा नीट पाहिला असेल, यावर माझा विश्वास नाही. ते माणसं खुणांवरून ओळखतात. मोहने गावातल्या रेयॉनच्या कारखान्यात धाग्यातले दोष हुडकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर तीच नजर फुलपाखरांच्या पंखांवर जाऊन बसली. मधल्या मध्ये माणसं राहून गेली. माझ्या मुलीच्या लग्नात सकाळी माझी बायको हिरव्या साडीत होती, तेव्हा त्यांनी तिची अगत्याने चौकशी केली. दुपारी ती जांभळी साडी नेसून जिलबीचा आग्रह करायला गेली, तर म्हणाले, “आपण मुलीकडच्या का?” मी चष्म्याची फ्रेम बदलली तेव्हा तर कोपर स्टेशनच्या पुलावर मला ओलांडून ते सरळ पुढे निघून गेले होते.

अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो तो माझ्याच जिभेमुळे. लग्नाचं बोलायला आम्ही ठाण्याहून त्यांच्या घरी गेलो होतो. मुलांनी आपसात सगळं ठरवलंच होतं, आमचं काम फक्त हसऱ्या चेहऱ्याने बसायचं. भिंतीवर एका नारिंगी फुलपाखराचा भलामोठा फोटो होता. “आपल्याला आवड आहे का?” त्यांनी विचारलं. अशा वेळी मुलीचा बाप काहीही कबूल करतो. त्यांनी कुस्तीबद्दल विचारलं असतं तर मी दंडसुद्धा थोपटले असते. “लहानपणापासून,” मी म्हणालो. माझी मावशी बायकोच्या शेजारीच राहायची, त्यामुळे बायकोला माझं लहानपण चांगलं ठाऊक आहे. ती खिडकीबाहेर बघू लागली. “मग हे ओळखाल,” व्याही म्हणाले. “हे आपलं... नेहमीचंच,” मी पुटपुटलो. ते खुर्चीतून उठलेच. “अगदी बरोबर. बिबळ्या कडवा. इतकं साधं फुलपाखरू, पण येणारा-जाणारा विचारतो, कुठल्या जंगलातलं म्हणून.” त्या एका उत्तराच्या जोरावर पुढची सहा वर्षं दर रविवारी सकाळी आठला मला शीळफाट्याजवळच्या एका टेकडीखाली हजर राहावं लागलं.

तिथे रुईची झुडपं आहेत. व्याही वर्तमानपत्राच्या घडीवर बसतात आणि फुलपाखराने पंख मिटून खालची बाजू दाखवल्याशिवाय त्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. मला मात्र फुलपाखरू बसायच्या आतच ओळखायची घाई. एकदा मी छातीठोकपणे म्हणालो, “बिबळ्या कडवा.” “मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा,” ते म्हणाले. मी मोजले. “एक.” “मग?” “लहान आहे अजून, बाकीचे यायचे असतील.” त्यांनी हातातला थर्मास खाली ठेवला आणि माझ्याकडे नव्हे, माझ्या शर्टाच्या चौकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग समजावलं: कडव्याच्या मागच्या पंखावर मध्ये तीन-चार ठिपके असतात. तो रुईवर वाढतो, म्हणून कडू. पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. ही छोटा चांदवा नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. ही कडू नाही, पण कडव्यासारखी दिसते म्हणून वाचते. “म्हणजे सोंगच की,” मी म्हणालो. “सोंग कसलं? पोटापाण्याची नाही, जिवाची सोय आहे ती,” ते म्हणाले. सोंगाबद्दल बोलण्याचा अधिकार त्या टेकडीपाशी मला सगळ्यात कमी होता.

गेल्या वर्षी मुलं वेगळी झाली. भांडण नाही, तंटा नाही. दोघांनी आम्हा चौघांना समोर बसवून, चहा देऊन सांगितलं. मुलगी पुण्याला गेली. दोन्हीकडच्या बायका रडल्या आणि फोन बंद झाले. म्हणजे आता त्यांना व्याही म्हणता येत नाही, पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही. सहा वर्षं ज्या सुटकेची वाट पाहिली ती अशी आली. पहिल्या रविवारी मी दहापर्यंत झोपलो. दुसऱ्या रविवारी भाजी आणायला गेलो असताना मेथीच्या जुडीवर एक नारिंगी फुलपाखरू बसलं. मी वाकून ठिपके मोजले. एकच. भाजीवाली म्हणाली, “काका, घ्यायची तर घ्या, हुंगत काय बसलाव?” आणि हे सांगायला मला कोणीही नव्हतं. मला इतकं एकटं वाटेल याची कल्पना नव्हती.

“आता कुठल्या नात्याने जाणार तुम्ही?” बायको म्हणाली. मी चपला घातल्या आणि टेकडी गाठली. ते त्याच झुडपापाशी बसले होते. मी बसलो. त्या पहिल्या दिवसाचं सगळं खोटं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. समोर झुडपावर काहीच नव्हतं, तरी ते तिकडेच बघत होते. मग म्हणाले, “ती बरी आहे ना? आता विचारायचा हक्क नाही मला, पण सून फार गुणी होती हो.”

मी मुलीला फोन लावला आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिला. ते उठले, पाठ करून थोडं लांब गेले. तीन-चार मिनिटं झाली असतील. मग परत येऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“अजून बाबाच म्हणते,” ते म्हणाले.