केसलरांची पितळी रायफल

सुमनवहिनींचा फोन आला त्या सकाळी हॅम्बर्गमध्ये असा पाऊस होता, की बंदरातली बोट रस्त्यावर आली असती तरी पोलिसाने तिला नुसता हात दाखवून डावीकडे वळवली असती. "मधूभावजी, हे गेले..." वहिनी म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?" आता लाज वाटते, पण विचारलं खरं. श्रीपाद गद्रे म्हणजे सदतीस वर्षांचा, एर्लांगेनच्या विजेच्या कारखान्यात रोज सायकलने जाणारा माणूस. तो बूट घालायला खुर्चीवर बसतो आणि उठतच नाही? मी जन्माचा संशयी. मला वाटलं, ही त्याची नवीन थाप. थापा मारण्यात त्याचा गुरू मीच.

आम्ही डार्मश्टाटला एका माळ्यावरच्या खोलीत राहायचो. सत्तावन्न सालची गोष्ट. छप्पर इतकं उतरतं, की बसून शर्ट घालायचा आणि दारात जाऊन पँट. घरमालकीण फ्राऊ लोट्झ दर शनिवारी घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक मूठ पॉलिश करायची. आम्ही दोन हिंदू विद्यार्थी तिच्या घरात नेमकं काय शिजवतो याचा तिला संशय, आणि ती आमच्या खोलीत नेमकं काय हुंगते याचा मला. श्रीपादला मात्र कोणाचाच संशय यायचा नाही. त्याचं लक्ष एकाच गोष्टीत, तरफेच्या जुन्या रायफलींत.

ही अमेरिकन चीज. चापाखाली लोखंडी कडीसारखी एक तरफ असते. ती खाली ढकलून वर ओढली, की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. खट्-खटाक्! गावाबाहेरच्या क्लबात दर रविवारी बेकरीवाले, शिंपी, पोस्टातले कारकून रुंद हॅट घालून अशा रायफली झाडायचे. सोमवारी टपालाच्या खिडकीतून आपल्यावर डाफरणारा गृहस्थ रविवारी शेरीफ! श्रीपादने तिथे महिनाभरात बस्तान बसवलं. हात इतका स्थिर, की माशी त्याच्या नळीवर बसायची आणि घर समजून पिलं वाढवायची. (पिलं मी वाढवली. माशी खरी होती.) शिवाय जुन्या स्प्रिंगा दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. क्लबचे प्रमुख हेर केसलर (हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे), धंद्याने बेकरीवाले, यांनी शस्त्रांच्या कपाटाची किल्ली कधी सख्ख्या मेव्हण्याला दिली नव्हती, ती या कोकणस्थाला दिली.

केसलरांचा जीव होता एका रायफलीत. चापाच्या वरची तिची पेटी अख्खी पितळेची, ऐंशी वर्षांत काळी-तपकिरी झालेली, जुन्या गुळासारखी. केसलरांना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या बिअरनंतर ते श्रीपादच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "माझ्यानंतर ही तुझी. गेनाऊ, अगदी तुझीच." श्रीपाद लाजायचा. शेजारच्या तळावरचा एक अमेरिकन सार्जंटही त्याच रायफलीवर डोळा ठेवून असायचा. माझा डोळा सार्जंटवर.

त्या ऑक्टोबरात तिची स्प्रिंग सैल झाली, म्हणून केसलरांनी ती श्रीपादकडे घरी दिली. त्याने ती दुरुस्त करून माझ्या पलंगाखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत गेला. मी एकटा. कॅलेंडरात बघतो तर खंडेनवमी! घरात साक्षात शस्त्र, आणि तेही असं काळंकुट्ट? आमच्या आईने पूजेचं तबक असं कधी ठेवलं असतं का? तिच्याच पार्सलातला चिंचेचा गोळा होता. चिंच आणि मीठ घेऊन मी त्या पितळेवर तुटून पडलो. दोन तासांत पेटी अशी झळकली, की खिडकीखालून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने डोळ्यांवर हात धरला. श्रीपादला चकित करायचं होतं. हळदकुंकू वाहणार, तोच खाली केसलरांच्या गाडीचा हॉर्न. श्रीपाद प्रयोगशाळेतून धावत आला, मी घाईने घोंगडीत गुंडाळलेली रायफल त्याने न उघडताच उचलली, आणि मीही छाती काढून मागोमाग गाडीत बसलो.

क्लबात घोंगडी उघडली.

"ही माझी नाही," केसलर म्हणाले.

मला वाटलं, आनंदाने बोलतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला. जुन्या हत्याराचा काळेपणा म्हणजे त्याची सही, तो घालवणारा माणूस ते हत्यारच घालवतो, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. श्रीपादला अर्थातच आधीपासून माहीत होतं.

"माझी त्या सार्जंटला विकलीस, आणि ही नवी नक्कल आणलीस," केसलर म्हणाले.

"हेर केसलर, नंबर बघा."

"नंबर काय, कोणीही ठोकतो." त्यांनी फोनवर हात ठेवला. "पोलिसांना बघू दे."

श्रीपादचा जर्मनीत राहण्याचा परवाना त्याच महिन्यात नवा व्हायचा होता. पोलिसात तक्रार म्हणजे बोट, मुंबई आणि अर्धवट डिग्री. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं... पण त्यातून काही बाहेर पडलं नाही. परवाना माझाही होता.

"आधी स्वतः झाडून बघा," श्रीपाद शांतपणे म्हणाला. "ती कुठे मारते ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

केसलर काडतुसं आणायला कपाटाकडे वळले. श्रीपादने तरफ ओढून पाहिली, ती अर्ध्यावर अडली. त्याने बाजूची पट्टी उघडली, आत बोट घातलं, काहीतरी काढलं, क्षणभर पाहिलं आणि खिशात टाकलं. पाहिलं फक्त मी. काय होतं ते दिसलं नाही.

केसलरांनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही मधोमध न लागता डावीकडे वीतभर, नेहमीच्याच जागी. तशी चुकणारी रायफल जगात दुसरी नव्हती. त्यांनी तिच्या दस्त्यावर गाल टेकवला.

"आल्झो... मग कोणी केलं हे?"

"मी," श्रीपाद म्हणाला. "आज आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. घासून ठेवतात. चूक झाली."

केसलर ओरडले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला. श्रीपादने जुडग्यातून कपाटाची किल्ली काढून त्यावर ठेवली. नंतर तो दर रविवारी गेला, क्लबच्या रायफलींनी नेम मारत राहिला, पण "ही तुझीच" हे वाक्य दुसऱ्या काय, चौथ्या बिअरनंतरही कधी आलं नाही. केसलर गेल्यावर ती रायफल मेव्हण्याला मिळाली. त्याने ती भिंतीवर टांगली. मरेपर्यंत श्रीपादची स्वतःची अशी रायफल झाली नाही.

त्या संध्याकाळी घरी चालत येताना तो इतकंच म्हणाला, "आपली फ्राऊ लोट्झ फारच स्वच्छतेची आहे, नाही?"

मी म्हणालो, "हो ना."

आयुष्यभर शेकड्याने थापा मारल्या, त्याबद्दल मला काडीचाही खेद नाही. हे दोन शब्द मात्र अजून सलतात. त्याने खरंच बाईवर संशय घेतला होता, की मला बोलायला वाट करून दिली होती? पुढे मी हॅम्बर्गला आलो, तो एर्लांगेनला. दर दसऱ्याला त्याचं कार्ड यायचं. एकच ओळ: "शस्त्रं घासलीस का?" साधी चेष्टा? की तो वाट बघत होता? अकरा कार्डं मी उजेडात धरून, उलटी-सुलटी करून तपासली. उत्तर दर वेळी तेच पाठवलं: "घासली रे बाबा!"

अंत्यसंस्कारानंतर वहिनींनी त्याच्या टेबलाचा खण उघडला. "भावजी, ही तुमची म्हणायचे. मी विचारलं, मग देत का नाही? तर म्हणायचे, तो मागेल तेव्हा." त्यांची आठ वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. ती म्हणाली, "पापाने ही कोणाला हातसुद्धा लावू दिली नाही."

बंदुकीच्या ग्रीसची छोटी पितळी डबी. झाकण निघता निघेना. आत कापसावर एक चिंचोका.

म्हणजे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. केसलरांनी "कोणी केलं" म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर त्याच्या खिशात होतं.

यंदा कार्ड आलं नाही. खंडेनवमीला मी पाटावर माझी स्लाइडरूल ठेवली, पाना ठेवला, शेजारी ती डबी ठेवली. डबी पार काळी पडली आहे. बाकी सगळं लख्ख पुसलं. तिला नुसतं फूल वाहिलं, घासली नाही.