ओट्याला जवसाचं तेल
मैत्रिणींनो, आज आमचा सागवानी ओटा काढून ग्रॅनाइट बसवायचं ठरलं होतं. लाकूड पांढरं पडलेलं, सिंकजवळ बारीक चिरा. काढायला आमच्या सुतार रहीमचाचांनाच बोलावलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच तो बनवला होता.

त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. "ताई, याला तेल कधी लावलंत?"

"लाकडाला तेल लावतात?"

"तवा मी सांगितलंच न्हाई. गलती माझी हाय."

मग त्यांनी ओटा पॉलिश पेपरनं घासला, जवसाचं तेल चोळलं, उरलेलं पुसून घेतलं. लाकडाच्या रेषा तांबूस उठून दिसायला लागल्या. मी ग्रॅनाइटवाल्याला नको म्हणून कळवलं.

आपली चूक इतक्या सहज कबूल करणारा कारागीर मला पहिल्यांदाच भेटला. तुम्हाला कधी भेटलाय?